सैनिकांचे अदृश्य व्रण आणि सायकेडेलिक औषधे

ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एमडीएमए या द्रव्याच्या साहाय्याने केल्या जाणाऱ्या मानसोपचाराला मान्यता नाकारली. त्यानंतर दहा महिन्यांनी, जून २०२५ मध्ये, त्याच देशातील टेक्सास राज्याच्या गव्हर्नरांनी आयबोगेन नावाच्या दुसऱ्या एका द्रव्यावरील संशोधनासाठी ५ कोटी डॉलर्सची तरतूद करणाऱ्या कायद्यावर सही केली. या दोन्ही निर्णयांच्या वेळी झालेल्या चर्चेत एकच समाजघटक अग्रभागी होता. तो म्हणजे युद्धावरून घरी परतलेले, परंतु ज्यांच्या मनातील युद्ध अद्याप संपलेले नाही असे माजी सैनिक.

जी द्रव्ये जवळ बाळगल्याबद्दल तुरुंगवास भोगावा लागतो, त्याच द्रव्यांनी रुग्ण बरे करावयाचे, हे कसे? असा प्रश्न आमच्या वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. श्रद्धावंताच्या मनात त्यापुढचाही प्रश्न येतो : असा उपचार घेणे नीतीला धरून आहे काय? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे घाईने देण्यासारखी नाहीत. म्हणून प्रथम वस्तुस्थिती समजून घेऊ आणि मग धर्मशिकवणीकडे वळू.

व्रण कोणता?

पहिल्या महायुद्धात खंदकांतून परत आणलेल्या काही सैनिकांना बाहेरून जखम नसताना वाचा जाई, दृष्टी जाई, हातपाय थरथरू लागत. १९१५ साली चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरांनी 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या अवस्थेसाठी 'शेल शॉक' हा शब्द वापरला. परंतु लष्करी न्यायालयांना हा आजार नेहमीच पटला असे नाही. त्या युद्धात पळून जाणे, भ्याडपणा अशा आरोपांवरून गोळ्या घातलेल्या ब्रिटिश व राष्ट्रकुलातील ३०६ सैनिकांना ब्रिटनने २००६ साली मरणोत्तर माफी दिली. त्यांच्यापैकी कित्येक जण भित्रे नव्हते, आजारी होते, हे मान्य करावयास नव्वद वर्षे लागली.

व्हिएतनाम युद्धाहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांच्या हालअपेष्टांमुळे हा विषय पुन्हा ऐरणीवर आला आणि १९८० साली अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 'पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर', म्हणजे आघातानंतरचा तणाव विकार, हे नाव आपल्या अधिकृत सूचीत समाविष्ट केले. संक्षेपाने त्याला पीटीएसडी म्हणतात. या विकारात भूतकाळ भूतकाळात राहत नाही. फटाक्याचा आवाज झाला की रुग्ण पुन्हा रणभूमीवर असतो. रात्री तीच स्वप्ने पडतात. गर्दीत पाठ भिंतीला लावल्याशिवाय चैन पडत नाही. पत्नी व मुले जवळ असूनही त्यांच्याविषयी काहीच वाटेनासे होते आणि हे सारे विसरण्यासाठी अनेक जण दारूकडे वळतात. अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात तेथील ६,४०७ माजी सैनिकांनी आत्महत्या केली. दिवसाला सरासरी सतराहून अधिक. या सर्वांना पीटीएसडीच होता असे नव्हे. तरीही नव्या उपचारासाठी सैनिकांच्या संघटना इतक्या कळकळीने का झगडतात, हे या आकड्यावरून ध्यानी येते.

या विकारावर उपचार नाहीत असे नाही. प्रशिक्षित समुपदेशकाच्या मदतीने त्या आठवणींना टप्प्याटप्प्याने सामोरे जाण्याच्या पद्धती सिद्ध झालेल्या आहेत आणि त्यांनी बरे झालेले रुग्ण पुष्कळ आहेत. सर्ट्रालिन व पॅरोक्सेटिन ही दोन औषधेही या विकारासाठी अमेरिकेत मान्यताप्राप्त आहेत. अडचण अशी, की आठवणीला सामोरे जाणे म्हणजे पुन्हा त्याच आगीत पाऊल टाकणे. अनेकांना ते सोसवत नाही व ते उपचार अर्ध्यावर सोडतात. काहींना औषधांचा गुणच येत नाही. नवे संशोधन सुरू झाले ते अशा रुग्णांसाठी.

द्रव्ये कोणती?

'सायकेडेलिक' या शब्दाखाली निरनिराळी द्रव्ये येतात. स्वित्झर्लंडमधील बाझल येथील रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉफमन यांनी १९३८ साली एलएसडी तयार केले. त्याचा मनावर होणारा विलक्षण परिणाम त्यांना १९४३ मध्ये कळला. १९५८ साली त्यांनीच मेक्सिकोतील एका अळंबीतून सिलोसायबिन हा घटक वेगळा केला. १९५० व ६० च्या दशकांत अनेक मानसोपचारतज्ज्ञांनी ही द्रव्ये उपचारासाठी वापरली. हॉलंडमधील लायडन येथे यान बास्तियान्स हे प्राध्यापक नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या रुग्णांवर एलएसडीच्या साहाय्याने उपचार करीत असत. पुढे या द्रव्यांचा रस्त्यावर सुळसुळाट झाला, तरुणांची आयुष्ये उद्ध्वस्त होऊ लागली, आणि १९७१ च्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या करारानंतर बहुतेक देशांनी त्यांच्यावर कडक निर्बंध घातले. संशोधनही जवळजवळ थांबले.

एमडीएमए हे द्रव्य जर्मनीतील मर्क कंपनीत १९१२ साली तयार झाले. काटेकोर अर्थाने ते एलएसडीच्या जातीचे नव्हे. त्याने भास फारसे होत नाहीत. भीती ओसरते व समोरच्याविषयी विश्वास वाटू लागतो. १९८५ साली अमेरिकेने त्यावर बंदी घातली. योगायोग असा, की त्याच वर्षी आपल्या देशात अमली पदार्थविरोधी कायदा झाला. या कायद्याच्या यादीत एमडीएमए, एलएसडी व सिलोसायबिन ही तिन्ही द्रव्ये आहेत.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. मुंबई, ठाणे, वसई या परिसरात 'एमडी' पकडल्याच्या बातम्या आपण वारंवार वाचतो. ते एमडी म्हणजे मेफेड्रोन. नावात साम्य असले तरी ते द्रव्य निराळे आहे आणि या लेखातील उपचाराशी त्याचा काहीही संबंध नाही. तसेच पबमध्ये वा रस्त्यावर 'एक्स्टसी' म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळीत नेमके काय मिसळले आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

उपचार कसा केला जातो?

गोळी घेतली आणि आजार गेला, अशी ही पद्धत नाही. एमडीएमएच्या चाचण्यांत प्रथम रुग्णाची प्रत्येकी दीड तासाची तीन पूर्वतयारीची सत्रे घेतली जात. नंतर सुमारे महिन्याच्या अंतराने तीन दिवस औषध दिले जाई. त्या दिवशी रुग्ण एका शांत खोलीत पलंगावर पडून राही, डोळ्यांवर पट्टी, कानी मंद संगीत आणि शेजारी दोन समुपदेशक, असे सुमारे आठ तास. प्रत्येक औषधसत्रानंतर तीन सत्रे अनुभवाचा अर्थ लावण्यासाठी. सारे मिळून बेचाळीस तास होतात.

या औषधाने मेंदूत सेरोटोनिन व ऑक्सिटोसिन ही रसायने वाढतात आणि भीतीचे केंद्र मानला जाणारा ॲमिग्डला हा भाग काहीसा शांत होतो, असे संशोधकांचे मत आहे. परिणामी जी आठवण येताच रुग्ण थरथर कापत असे, ती तो काही तास न घाबरता पाहू शकतो, तिच्याविषयी बोलू शकतो. काम आठवणीला सामोरे जाण्याचेच. औषध केवळ ते सोसण्याचे बळ देते.

आकडे काय सांगतात?

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान चाचणीत २६ जण होते : २२ माजी सैनिक, तीन अग्निशमन दलाचे जवान व एक पोलीस अधिकारी. निष्कर्ष उत्साहवर्धक होते. त्यानंतर दोन मोठ्या चाचण्या झाल्या. त्यांत सारेच सैनिक नव्हते. अत्याचार व अपघात यांचे बळीही होते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या चाचणीत ९० रुग्ण होते. औषध व समुपदेशन दोन्ही मिळालेल्यांपैकी ६७ टक्के रुग्णांत उपचाराअखेरीस पीटीएसडीचे निकष उरले नाहीत. औषधाऐवजी निरुपद्रवी गोळी व तेवढेच समुपदेशन मिळालेल्यांत हे प्रमाण ३२ टक्के होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या १०४ रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीत हेच आकडे अनुक्रमे ७१ व ४८ टक्क्यांच्या आसपास होते.

बहुतेक बातम्यांत यातील पहिलाच आकडा ठळक छापला गेला. दुसऱ्या आकड्याकडेही आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. दुसऱ्या चाचणीत औषध न मिळालेल्यांपैकी जवळजवळ निम्मे रुग्ण केवळ या समुपदेशनाच्या काळात बरे झाले. दोन माणसे आपले दुःख बेचाळीस तास शांतपणे ऐकून घेतात, मध्येच उठून जात नाहीत, घड्याळ पाहत नाहीत, या गोष्टीचेही सामर्थ्य त्या आकड्यात असावे.

मग नकार का?

जून २०२४ मध्ये अमेरिकन प्रशासनाच्या तज्ज्ञ सल्लागारांनी मतदान केले. हा उपचार परिणामकारक असल्याचे सिद्ध झाले नाही, असे ११ पैकी नऊ जणांचे मत पडले. लाभ धोक्यांहून अधिक आहेत असे केवळ एकालाच वाटले. ऑगस्टमध्ये प्रशासनाने मान्यता नाकारून आणखी एक मोठी चाचणी करावयास सांगितले.

या निर्णयामागची कारणे समजण्यासारखी आहेत. चाचणीत कोणाला खरे औषध मिळाले हे रुग्णाला कळता कामा नये, असा नियम आहे. येथे ते जवळजवळ प्रत्येकाला ओळखता येत होते. ज्याला औषध मिळाले त्याची आशा वाढते, ज्याला नाही तो खट्टू होतो, आणि मग गुण औषधाचा की आशेचा हे ठरविणे कठीण जाते. औषधाने नाडीचे ठोके व रक्तदाब वाढतो, तेव्हा हृदयावर होणाऱ्या परिणामांची पुरेशी माहिती हवी होती. सर्वांत गंभीर बाब निराळी होती. कॅनडात झालेल्या आधीच्या एका चाचणीत समुपदेशकांनी एका महिला रुग्णाशी गैरवर्तन केल्याचे उघडकीस आले होते. ऑगस्ट २०२४ मध्येच एका वैद्यकीय नियतकालिकाने या संशोधनावरील तीन लेख मागे घेतले. ज्या औषधाने माणसाचा संशय गळून पडतो आणि विश्वास वाढतो, ते औषध घेतलेला माणूस त्या काही तासांत लहान मुलासारखा असुरक्षित असतो. अशा खोलीत कोण बसणार, त्याच्यावर कोणाची नजर राहणार, हा प्रश्न औषधाच्या मात्रेइतकाच महत्त्वाचा आहे.

तथापि दार बंद झालेले नाही. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२३ पासून विशेष परवानगी असलेल्या मानसोपचारतज्ज्ञांना पीटीएसडीसाठी एमडीएमए व इतर उपचारांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी सिलोसायबिन देण्याची मुभा दिली. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याने पीटीएसडी व मद्यासक्ती असे दुहेरी ओझे वाहणाऱ्या सैनिकांवरील एमडीएमए उपचाराच्या अभ्यासाला सुमारे १५ लाख डॉलर्सचे अर्थसाहाय्य जाहीर केले. १९६० च्या दशकानंतर या खात्याने अशा उपचाराला दिलेले हे पहिलेच अर्थसाहाय्य होय.

आयबोगेनची कथा याहून निराळी आहे. मध्य आफ्रिकेतील गॅबॉन देशात इबोगा नावाचे झुडूप आहे. तेथील ब्विती पंथाचे लोक त्याच्या मुळाची साल धार्मिक विधीत वापरतात. तीतून मिळणारे हे द्रव्य अमेरिकेत निषिद्ध असल्याने तेथील अनेक माजी सैनिक मेक्सिकोतील दवाखान्यांत जाऊन ते घेतात. जानेवारी २०२४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा ३० सैनिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. महिन्याभराने त्यांच्या पीटीएसडीच्या लक्षणांत सरासरी ८८ टक्के घट आढळली. आकडा दिपविणारा आहे, परंतु तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि रुग्ण अवघे तीस. शिवाय या द्रव्याने हृदयाची लय बिघडून मृत्यूही ओढवले आहेत. टेक्सासने दिलेला पैसा रीतसर चाचण्यांसाठी आहे, हे म्हणूनच योग्य झाले.

धर्मशिकवण काय सांगते?

'कॅथलिक ख्रिस्तसभेची धर्मशिकवण' या ग्रंथाच्या २२९१ व्या परिच्छेदात अमली पदार्थांचे सेवन हा गंभीर अपराध ठरविला आहे. मात्र त्याच वाक्यात काटेकोर वैद्यकीय उपचाराचा अपवाद केलेला आहे. अफूपासून मिळणारे मॉर्फीन व्यसनीच्या हाती विष असते आणि कर्करोगाच्या रुग्णाला तेच दिलासा देते. पोप बारावे पायस यांनी १९५७ साली, वेदना शमविण्यासाठी अशी औषधे वापरणे योग्य कारण असल्यास नीतीला धरून आहे, असे डॉक्टरांना स्पष्टपणे सांगितले होते. तेव्हा द्रव्य निषिद्ध आहे एवढ्यावरून उपचार पापमय ठरत नाही.

परंतु याच पोपमहोदयांनी १९५२ साली वैद्यकीय संशोधनाच्या मर्यादाही आखून दिल्या होत्या. रुग्णाच्या संमतीवाचून डॉक्टरला त्याच्यावर कोणताही अधिकार पोहोचत नाही, आणि विज्ञानाची प्रगती किंवा समाजाचे हित यांसाठी माणसाला साधन म्हणून वापरता येत नाही, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. सैनिकाच्या बाबतीत ही शिकवण अधिकच लागू पडते. तो आज्ञापालनाला सरावलेला असतो आणि हताशही असतो. सर्व उपाय थकल्यावर 'हाच शेवटचा मार्ग' असे ज्याला सांगितले जाते, त्याची संमती खरोखर मोकळी असते काय, याचा विचार वैद्यकाने केलाच पाहिजे.

आणखी एक सावधगिरी श्रद्धेच्या संदर्भात आहे. १९६२ साली गुड फ्रायडेच्या दिवशी बॉस्टन विद्यापीठाच्या मार्श चॅपेलमध्ये वॉल्टर पान्के या संशोधकाने ईशज्ञानाच्या वीस प्रॉटेस्टंट विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. दहा जणांना सिलोसायबिन दिले व दहा जणांना दुसरी साधी गोळी. वर चॅपेलमध्ये उपासना चालू होती आणि ती तळघरात ऐकू येत होती. सिलोसायबिन घेतलेल्यांपैकी बहुतेकांनी गूढ धार्मिक अनुभव आल्याचे सांगितले. पुढे १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या फेरतपासणीत असे आढळले, की एक विद्यार्थी इतका अस्वस्थ झाला होता, की त्याला शांत करण्यासाठी इंजेक्शन द्यावे लागले आणि मूळ प्रबंधात त्याचा उल्लेखच नव्हता. भारावलेल्या संशोधकाच्या नजरेतून काय निसटते, याचे हे उदाहरण आहे. आपल्या दृष्टीने प्रश्न एवढाच, की औषधाने जागृत झालेली भावना आणि देवाची कृपा एकच काय? कृपेची पारख त्या क्षणीच्या तेजावरून होत नाही. पुढच्या जीवनात येणाऱ्या फळांवरून होते, अशी ख्रिस्तसभेतील संतांची शिकवण आहे.

अपराधाची जखम

या विषयाचा एक पैलू धर्मगुरूंच्या विशेष जवळचा आहे. बॉस्टन येथे व्हिएतनाम युद्धातील सैनिकांवर उपचार करणारे मानसोपचारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी १९९० च्या दशकात 'नैतिक जखम' ही कल्पना मांडली. सर्वच सैनिकांना छळणारी गोष्ट भीती नसते. काहींना आपण केलेले कृत्य छळते, काहींना न केलेले. तपासणी नाक्यावर गाडी थांबली नाही म्हणून गोळी झाडली आणि गाडीत कुटुंब निघाले, या आठवणीवर भीतीचे औषध कितपत चालेल?

अकराव्या शतकातील एक दाखला येथे उद्बोधक ठरेल. १०६६ सालच्या हेस्टिंग्जच्या लढाईनंतर विजयी नॉर्मन सैन्यासाठी त्यांच्याच बिशपांनी प्रायश्चित्ताचे नियम केले आणि पोपमहोदयांच्या प्रतिनिधीने त्यांना मान्यता दिली. ज्याने जितके शत्रू ठार केले तितकी वर्षे त्याने प्रायश्चित्त घ्यावे. ज्याला संख्या ठाऊक नाही त्याने आयुष्यभर आठवड्यातून एक दिवस. आज हे कठोर वाटेल. परंतु विजयी सैनिकालाही आपले ओझे उतरविण्यासाठी जागा, काळ आणि शब्द लागतात, हे त्या बिशपांनी ओळखले होते. केवळ 'तू कर्तव्य केलेस, विसरून जा' असे त्यांनी म्हटले नाही.

म्हणून आम्हांस असे वाटते, की डॉक्टर व धर्मगुरू यांनी एकमेकांची जागा घेऊ नये. औषधाच्या प्रभावाखाली 'मला क्षमा झाली' असे वाटणे हा दिलासा असू शकतो. क्षमा मागणे, क्षमा स्वीकारणे आणि झालेली हानी भरून काढण्यासाठी झटणे हा प्रवास त्यानंतरही उरतो. याच्या उलट, पीटीएसडीने पीडित माणसाला 'तुमची प्रार्थना कमी पडते' असे सांगणे अन्यायाचे आहे. मोडलेल्या हाडाला आपण प्लास्टर घालतो व प्रार्थनाही करतो. मनाच्या बाबतीत वेगळा न्याय का?

आपण काय करावे?

भारतात हे उपचार उपलब्ध नाहीत आणि ही द्रव्ये बाळगणे गुन्हा आहे. इंटरनेटवर वाचून कोणी स्वतःवर प्रयोग करू नये. मनोविकाराचा कौटुंबिक इतिहास असणाऱ्यांनी तर मुळीच नाही. मात्र पीटीएसडीवरील सिद्ध उपचार आपल्याकडेही आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'टेली-मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६ असून मराठीतही बोलता येते. सैन्यदलातील जवान व त्यांचे कुटुंबीय यांच्यासाठी डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात तिचा स्वतंत्र कक्ष सुरू झाला.

आपल्या धर्मग्रामांतही निवृत्त जवान आहेत. रेल्वे अपघात, पूर, आग यांतून वाचलेले लोक आहेत. घरातल्या घरात मार सोसलेल्या भगिनी आहेत. हा विकार केवळ सैनिकांचा नाही. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर दाराजवळच बसणारा, घंटेच्या आवाजाने दचकणारा, सणासुदीला मुद्दाम घराबाहेर राहणारा माणूस तऱ्हेवाईक नसून जखमी असू शकतो. त्याला कोणते नवे औषध लाभेल, ते येत्या काही वर्षांत चाचण्यांतून ठरेल. त्याचे ऐकून घेण्यासाठी मात्र कोणाच्या परवानगीची आवश्यकता नाही. त्याला उपदेश न करता, उत्तर देण्याची घाई न करता, जवळ बसून ऐकणे आणि योग्य वेळी डॉक्टरकडे त्याच्यासोबत जाणे, एवढे आपल्यापैकी प्रत्येकाला करता येण्यासारखे आहे.